दोघांनी धरलेली ब्रँच

लंडन
रविवार, संध्याकाळ

प्रिय मित्रा,

परवा फोनवर नीट बोलणं झालं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. सेंट पॉल कॅथिड्रलच्या दक्षिणेला, नदीकडे उतरणाऱ्या वाटेवर ब्राँझचे तीन बंबवाले उभे आहेत. त्यांच्यासमोरून कितीदा तरी घाईघाईत गेलो असेन. या वेळी थांबलो, आणि पहिली आठवण आपल्या बंबवाल्या अण्णांची झाली.

दोघांनी मिळून एक ब्रँच, म्हणजे पाण्याच्या पाइपचं धातूचं तोंड, धरलीय. पाय ढिगाऱ्यात रोवलेले. तिसरा माणूस हातानं कसली तरी खूण करतोय. अण्णा सांगायचे ना, "ब्रँच एकट्यानं धरायची नसते. पाणी जेवढ्या जोरानं पुढं जातं, तेवढ्याच जोरानं तुला मागं रेटतं." तेव्हा ते नुसतं ऐकलं होतं. त्या दोघांना पाहिल्यावर ते समजलं.

चौथऱ्यावर दुसऱ्या महायुद्धात कामावर जीव गमावलेल्या अग्निशमन दलातल्या ९९७ जणांची नावं आहेत. मी वाचायला लागलो, पण एक बाजूही पुरी करवली नाही. सिरिल डेमार्न हे स्वतः लंडनवरच्या जर्मन बॉम्बवर्षावात पूर्व लंडनच्या वेस्ट हॅमला आगी विझवणारे अधिकारी. स्मारकासाठी त्यांनीच ध्यास घेतला आणि त्यांचे जावई जॉन मिल्स यांनी शिल्प घडवलं. १९९१ मध्ये अनावरण झालं. म्हणजे युद्ध संपल्यावर ४६ वर्षांनी! हा उशीर मला फार लागला. २००३ मध्ये चौथरा उंच करून शांततेच्या काळात कामावर जीव गमावलेल्यांचीही नावं कोरली, हे मात्र फार चांगलं केलं.

युद्धात आगी विझवणारे कितीतरी जण मूळचे बंबवाले नव्हतेच. टॅक्सीवाले, कारकून, दुकानदार. युद्धाच्या तोंडावर सहायक अग्निशमन दलात भरती झालेले. पंप ओढायला टॅक्सीच जुंपल्या होत्या. बॉम्ब पडेपर्यंत लोक त्यांना 'सैन्य चुकवणारे' म्हणून हिणवायचे. मग ७ सप्टेंबर १९४० पासून ओळीनं ५७ रात्री लंडनवर बॉम्ब पडले, आणि ती तोंडं बंद झाली. २९ डिसेंबरची रात्र तर भयंकर. रविवार, कचेऱ्यांना कुलपं, वरून आगलावे बॉम्ब. पाण्याच्या मुख्य नळवाहिन्या फुटलेल्या आणि थेम्सला ओहोटी, त्यामुळे नदीचं पाणी घ्यायलाही चिखलात उतरावं लागलं. कॅथिड्रलभोवतीची पुस्तकांची गोदामं जळून गेली, कॅथिड्रल वाचलं. आज ते तिघे त्याच्याच सावलीत उभे आहेत.

चौथऱ्यावर दोन बायकाही कोरल्या आहेत. एक घटनांची नोंद ठेवणारी, दुसरी मोटारसायकलवरून निरोप पोचवणारी. टेलिफोन तुटल्यावर तोच एक आधार. मी त्यांच्यासमोर सगळ्यात जास्त वेळ उभा होतो.

आपल्याकडे १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया गोदीत शत्रूचं विमान आलं नव्हतं. फोर्ट स्टिकिन जहाजावर कापूस आणि दारूगोळा एकत्र भरलेला, त्यात आग लागली. विझवायला गेलेल्या मुंबईच्या ६६ बंबवाल्यांचा जीव गेला. दर वर्षी त्या दिवशी अण्णा बूट चकचकीत करून भायखळ्याला, अग्निशमन दलाच्या मुख्यालयात जायचे आणि घरी आल्यावर जेवेपर्यंत एक शब्द बोलायचे नाहीत. तेव्हा आपण त्यांना काही विचारलं नाही, याचं मला आता फार वाईट वाटतं.

सोबत फोटो पाठवतोय. अण्णांना मोठा करून दाखव. तो तिसरा माणूस हाताची जी खूण करतोय, ती पाणी वाढवा म्हणून आहे की माणसं पाठवा म्हणून, एवढं त्यांना विचार आणि मला कळव.

तुझाच