प्रशिक्षण बंद केलंत, आता लोकांनी विचारायचं कोणाला?

मा. फलोत्पादन मंत्री महोदय,

स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आपल्या विभागाचं पत्र मिळालं. बागकाम स्वयंसेवकांचं प्रशिक्षण 'तूर्तास स्थगित' करण्यात येत आहे, कारण निधी नाही आणि लोकांचा प्रतिसाद अल्प आहे, एवढंच त्यात लिहिलं आहे. या उपक्रमाच्या उद्घाटनाला आपण स्वतः आला होतात. दरवर्षी नवी तुकडी घेऊ, प्रत्येक तुकडीच्या पाठीशी एक तज्ज्ञ कायम ठेवू, घरोघरच्या बागांची माती तपासून देऊ, असं आपण व्यासपीठावरून सांगितलंत. मी पुढच्या रांगेत बसून ते ऐकलं. त्या शब्दावर विसंबून माझ्यासारख्या कितीतरी जणांनी आपल्या सुट्ट्या या कामाला दिल्या. तो शब्द आपण पाळला नाहीत.

आम्ही नेमकं काय करतो हे आपल्या कार्यालयात कोणाला माहीत आहे, असं मला पत्र वाचून वाटलं नाही. लोक आमच्याकडे पिशवीत एक पिवळं पान घेऊन येतात. तोवर त्यांनी खत घातलेलं असतं आणि पाणीही वाढवलेलं असतं. आम्ही आधी विचारतो की पिवळी पडताहेत ती जुनी पानं की नवी? खालची जुनी पानं आधी पिवळी पडत असतील तर नत्राची कमतरता असू शकते. कोवळी पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या, असं असेल तर बहुधा लोह कमी पडतंय. लोह मातीत भरपूर असतं, पण माती अल्कधर्मी असली की मुळांना ते घेता येत नाही. तिथे युरिया ओतून काहीही होत नाही. आणि माती सतत चिखलासारखी ओली असेल तर हवेअभावी मुळं कुजतात, झाड तहानल्यासारखं मान टाकतं, घरचे घाबरून आणखी पाणी घालतात. कुंडीतली निम्मी झाडं या प्रेमानेच मरत असावीत, असं माझं मत आहे. हे ओळखायला पदवी लागत नाही, पण कोणीतरी शिकवावं लागतं. शिकवलेल्या माणसालाही अडलं की विचारायला वर कोणी असावं लागतं.

प्रशिक्षणाबरोबर आमचं सल्ला केंद्रही बंद झालं, त्यानंतर लगेच काय घडलं ते सांगते. आमच्या भागातल्या एका गृहस्थांच्या घेवड्याच्या वेलावर मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, पडला. ते विचारायला आले तर दाराला कुलूप. मग औषध विकणाऱ्याने दिलेली बाटली आणली, मात्रा दुप्पट केली आणि वेल फुलावर असताना भर दुपारी फवारली. पानं करपली. दुसऱ्या दिवशी वेलाखाली मधमाश्या मरून पडल्या होत्या. "ताई, तुम्ही लोक गेलात कुठे?" असं त्यांनी मला रस्त्यात थांबवून विचारलं. मी काय उत्तर द्यायचं होतं, साहेब? दोन-तीन सकाळी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने मावा धुऊन काढा आणि मावा खाणारे ढालकिडे दिसत असतील तर त्यांना त्यांचं काम करू द्या, इतकंच सांगायचं होतं. आमच्या प्रशिक्षणात एक अख्खा दिवस औषधाच्या बाटलीवरचा कागद वाचायला शिकवण्यात गेला होता: मात्रा किती, हातमोजे कधी, फवारणीनंतर किती दिवस भाजी तोडायची नाही. तो कागद इतक्या बारीक अक्षरात असतो की तो कोणी वाचावा अशी कंपन्यांची इच्छाच नसावी. ज्याला माल विकायचा आहे त्यानेच रोगाचं निदान करायचं, ही व्यवस्था आपण चालू ठेवलीत, आणि ज्याला काहीच विकायचं नाही त्याला घरी बसवलंत.

आता तुमचा 'अल्प प्रतिसाद'. कोणी मोजला आणि कसा? सभागृहातल्या खुर्च्या मोजल्या असणार. गच्चीवर, अंगणात, जिन्यात उभं राहून दिलेला सल्ला तुमच्या कोणत्या रकान्यात बसतो? 30 स्वयंसेवक धरा, प्रत्येकाने आठवड्याला 2 घरं पाहिली असं धरा, वर्षाला 3,000 च्या वर भेटी होतात. माझा हिशेब ढोबळ आहे. तुमच्या विभागाने ढोबळसुद्धा केला नाही.

हा प्रयोग काही आमच्या डोक्यातून निघालेला नाही. अमेरिकेत 1914 च्या कायद्याने विद्यापीठांचं शेतीज्ञान लोकांपर्यंत नेणारी विस्तार सेवा उभी राहिली. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या वॉशिंग्टन राज्यातल्या सिएटल आणि टाकोमा शहरांच्या परिसरातल्या घरगुती बागवाल्यांचे प्रश्न इतके वाढले की त्या सेवेच्या माणसांना ते झेपेनात. तेव्हा त्याच सेवेतल्या डेव्हिड गिबी यांनी सुचवलं की सामान्य माणसांना नीट शिकवू आणि त्या शिक्षणाची परतफेड त्यांनी लोकांसाठी काम करून करावी. 1973 मध्ये वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाने 'मास्टर गार्डनर' प्रशिक्षण सुरू केलं. आज ते अमेरिकेतल्या जवळजवळ सर्व राज्यांत आणि कॅनडातही पोचलं आहे. ते टिकलं, कारण स्वयंसेवकांच्या मागे विद्यापीठ उभं राहिलं. आपण आमच्या मागचा माणूसच काढून घेतलात.

आणि आमचं काय झालं, हेही एकदा ऐकाच. जेवताना फोन येतात, मी घास ठेवून उत्तर देते. गुडघे दुखत असताना मी लोकांच्या गच्च्यांचे जिने चढले आहे. किडी पाहायचं भिंग मी स्वतःच्या पैशाने घेतलं, पत्रकं स्वतःच्या पैशाने छापली. एकदा काम घेऊन एका अधिकाऱ्याकडे गेले होते. तो खुर्चीतून न उठता म्हणाला, "बाई, बागकामाला कसलं आलंय प्रशिक्षण? बी टाकलं की उगवतं." मी उभीच होते. बसा असंसुद्धा तो म्हणाला नाही. त्या रात्री मला झोप आली नाही, आणि आज हे लिहितानाही हात थरथरतोय. मी पगार मागितलेला नाही, सत्कार मागितलेला नाही. माणसाची फुकटची मेहनत घ्यायची आणि वर त्याचा असा अपमान करायचा, हे कोणत्या सरकारी नियमात बसतं?

पण त्या एका अधिकाऱ्याला दोष देऊन काय होणार? तुमच्या सगळ्या यंत्रणेला मोजता येतं ते फक्त वाटप. किती रोपं वाटली याचे आकडे दरवर्षी छापून येतात. पुढच्या उन्हाळ्यात त्यातली किती जगली, याची यादी मी आजवर पाहिलेली नाही. पिशवीत महिनोन्‌महिने अडकून मुळांचं वेटोळं झालेलं रोप तसंच खड्ड्यात उतरवतात, खोडाचा बुंधा मातीत पुरतात, फोटो काढतात आणि निघून जातात. ती वेटोळी मुळं मोकळी करायची असतात, जिथून मुळं फुटतात तो भाग जमिनीच्या पातळीवर ठेवायचा असतो, हे आमच्यातला कोणीही सांगेल. विचारतो कोण? जे शिकवण्याने होतं त्याचा फोटो निघत नाही, म्हणून निधी आटला की कात्री पहिल्यांदा तिथेच लागते. वाचनालयांचं तेच, आरोग्य स्वयंसेविकांचं तेच. कोणतंही सरकार येवो, यात मी फरक पाहिला नाही.

माझं मागणं फार मोठं नाही. आठवड्यातून एक दिवस आमचे प्रश्न ऐकणारा एक तज्ज्ञ द्या. वर्षातून एकदा आमची उजळणी घ्या. नव्या तुकडीची तारीख लेखी कळवा, व्यासपीठावरून नको.

आणि मातीचे नमुने. आम्ही सांगितलं म्हणून लोकांनी बागेतल्या पाच-सहा जागी वीतभर खोल माती काढली, एकत्र केली, सावलीत वाळवली आणि विश्वासाने आमच्या हातात दिली. ते नमुने आपल्या विभागाकडे पोचवून महिने झाले, एकही अहवाल आलेला नाही. लोक रोज मला विचारतात. पंधरा दिवसांत ते तपासून द्या. तपासायचे नसतील तर तसं लेखी कळवा आणि पिशव्या परत करा, मी त्या दुसरीकडे तपासून घेईन. प्रत्येक पिशवीत नावाची चिठ्ठी आहे.

आपली,
एक प्रशिक्षित बागकाम स्वयंसेविका