तुझ्या गावची घंटा, माझ्यासमोरचा मनोरा

दादर, मुंबई
रविवार, रात्र

प्रिय दोस्ता,

सप्रेम नमस्कार.

आज वसईच्या किल्ल्यात जाऊन आलो. जेवण उरकलं आणि लगेच लिहायला बसलो, कारण जे पाहिलं त्याचा अर्धा भाग तुझ्या नाशकात आहे.

दादरहून विरार गाडी, भाईंदर सुटल्यावर खाडीवरचा तो लांबलचक पूल, मग वसई रोडहून बस. चाळीच्या अंगणात आपण दिवाळीचा किल्ला करायचो ना, हळीव पेरून, टोकावर मावळे उभे करून, तसं इथे काहीच नाही. डोंगर नाही, चढ नाही. सपाट जमिनीवर, समुद्र आणि खाडी यांच्या बेचक्यात, तटाच्या आत अख्खं शहर वसवलेलं. हुमायूनच्या धास्तीने गुजरातच्या बहादूरशाहाने 1534 साली वसई पोर्तुगीजांना देऊन टाकली. पुढची दोनशे वर्षं त्यांच्या उत्तरेकडच्या मुलखाचा कारभार इथूनच चालला. इंग्रजांकडे आंदण म्हणून जाण्याआधी आपली मुंबईही वसईच्याच हाताखाली होती, हे मी विसरूनच गेलो होतो.

फ्रान्सिस्कन मठाच्या चर्चला आता छत नाही. पावसाने गवत गुडघ्याएवढं वाढलंय आणि खाली फरशीत थडग्यांचे दगड आहेत, पोर्तुगीज अक्षरं कोरलेले. त्यांवर पाय पडू नये म्हणून मी कडेकडेने चाललो. लहानपणी आपल्या खेळात फिरंगी म्हणजे नुसता हरणारा गडी होता. इथे त्यांची पुरलेली माणसं आहेत.

आणि तरी पोर्तुगीजांकडून वसई घेणाऱ्या चिमाजीअप्पांसाठी, बाजीराव पेशव्यांच्या धाकट्या भावासाठी, ऊर भरून येतोच रे! तीन बाजूंना पाणी, म्हणून सगळा जोर जमिनीकडच्या बुरुजांवर. सुरुंग लावायचे, खिंडार पडलं की घुसायचं, मागे रेटले गेले की पुन्हा नवा सुरुंग. किल्ला हाती येत नसेल तर माझं डोकं तरी तोफेने आत उडवा, असं ते म्हणाले अशी आख्यायिका आहे. खरं-खोटं बाजूला ठेवू, पण तटाखाली उभं राहिल्यावर ती अविश्वसनीय वाटत नाही. हजारो माणसं पडली, जखमी झाली. मे 1739 मध्ये पोर्तुगीज शरण आले, तेव्हा अप्पांनी त्यांना हत्यारांसह मानाने बाहेर पडू दिलं. मला लढाईपेक्षा हे मोठं वाटतं. 1740 संपायच्या आत अप्पाही गेले आणि बाजीरावही. बाजीरावांच्याच नातवाने 1802 च्या शेवटच्या दिवशी याच वसईत इंग्रजांशी तह केला आणि त्यांचा अंकित झाला. त्यावर लिहवत नाही.

सगळ्यात जास्त वेळ सेंट जोसेफ चर्चपाशी थांबलो. बंदराकडच्या बाजूला, जिथून कोळ्यांच्या होड्या दिसतात आणि सुकटाचा वास येतो. दारावर 1601 साल कोरलंय. मनोरा अजून ताठ उभा आहे, आत घंटा मात्र नाही. वसई घेतल्यावर इथल्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी उतरवून देवळांना दिल्या. एक भीमाशंकरला आहे. आणि एक गोदाकाठी, तुझ्या घरापासून दहा मिनिटांवर: नारोशंकराची घंटा.

त्या मनोऱ्याखाली उभा असताना मला तुमचं ते देऊळ दिसायला लागलं. तू लग्नाच्या वेळी मला तिथे नेलं होतंस आणि आपण घंटेखालून गप्पा मारत निघून गेलो होतो. तीच ती, मासळीच्या होड्यांवर वाजलेली, आता पूर आला की गोदावरी जिच्यापर्यंत चढते. अप्पांनी वितळवून तोफ केली नाही तिची. देवाची वस्तू देवापुढेच राहिली.

तेव्हा एक काम कर. घंटेवर 1721 साल आहे म्हणतात. सकाळच्या उन्हात जा आणि त्या आकड्यांचा जवळून फोटो काढून पाठव. मी इथल्या दारावरच्या 1601 चा सोबत ठेवला आहे. शेजारी शेजारी लावायचे आहेत मला.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. आईंचे गुडघे आता कसे आहेत तेही कळव.

तुझाच,
चाळीतला शेजारी