गाडी विकताना पैसे कसे घेशील?

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

काल तू फोन ठेवलास तो रागात ठेवलास, कळलं मला. "आई, तू आता बँकेत नाहीस आणि मी आता कॉलेजात नाही," हे तुझं म्हणणं खरंच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. फोनवर आपलं दोघींचं लगेच वाजतं, म्हणून लिहायला बसले. एकदा शेवटपर्यंत वाच, मग हवं तर चीड.

गाडी विकू नकोस असं मी म्हणतच नाही. तू पुढे शिकायला निघालीस की ती दारात उभी राहून नुसती गंजेल. दलालाच्या नादी न लागता स्वतः गिऱ्हाईक शोधलंस, भाव पाडू दिला नाहीस, हे ऐकून बाबांनी लगेच मोठ्या काकांना फोन लावला. माझा जीव अडकलाय तो तुझ्या पुढच्या वाक्यात. "माणूस चांगला वाटतो, रविवारी गाडी नेईल, पैसे संध्याकाळपर्यंत टाकतो म्हणालाय."

बाळा, आधी पैसे, मग किल्ली. माणूस चांगला असेलही. चांगल्या माणसाला आधी पैसे द्यायला काहीच अडचण नसते.

मी बँकेत पासिंगला, म्हणजे चेक-डीडी तपासून मंजूर करायला, बसायचे तेव्हा एक गृहस्थ डीडी, म्हणजे डिमांड ड्राफ्ट, घेऊन आले होते. प्लॅस्टिकच्या पिशवीत पासबुक, पासबुकाच्या पानात डीडी, कुठे घडी पडू नये म्हणून. जीप विकली होती. कागद चांगला, शिक्का बरोबर, आकडा आणि अक्षरी रक्कम जुळत होती. पण सहीखालचा नंबर मला खटकला, म्हणून ज्या शाखेचं नाव होतं तिथे फोन केला. त्यांनी असा डीडी काढलाच नव्हता. जीप आदल्या रात्रीच गेली होती, कागदांसकट. ते गृहस्थ काउंटरवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले आणि मलाच विचारू लागले, "मग आता मी काय करू?" तक्रार नोंदवा, एवढंच मी सांगू शकले. डीडी म्हणजे रोख, हे त्यांना कोणीतरी सांगितलेलं होतं. खरा डीडी असेल तर तसंच. खोटा असेल तर तो छापील कागद. 2018च्या सप्टेंबरपासून डीडीवर तो काढणाऱ्याचं नावही छापलेलं असतं, तेवढं पाहायचं. पण खात्री होते ती काढणाऱ्या शाखेकडूनच, आणि तिचा फोन नंबर गिऱ्हाइकाकडून घ्यायचा नाही, आपण शोधायचा.

चेक तर घेऊच नकोस. चेक खात्यात दिसायला लागणं वेगळं आणि वटणं वेगळं. परत आला तर कायदा आपल्या बाजूने आहे: बँकेने कळवल्यापासून 30 दिवसांत नोटीस पाठवायची, त्याला 15 दिवस द्यायचे, नाहीच दिले तर कोर्ट. पण तेव्हा तू कुठे असशील? कोर्टाच्या तारखांना बाबांनी जायचं का, त्या गुडघ्यांनी?

त्यातल्या त्यात बरं म्हणजे आरटीजीएस, म्हणजे त्याच्या खात्यातून थेट तुझ्या खात्यात पैसे. 2 लाखांपासून पुढच्या रकमेला चालतं आणि आता रात्रंदिवस होतं. पण होतं म्हणून रात्री करू नकोस. रविवार नको. कामाच्या दिवशी सकाळी त्याला तुझ्या शाखेत बोलाव. तुझ्यासमोर तो पैसे पाठवील, तू तिथेच बसून राहा. व्यवहाराचा 22 अक्षरी यूटीआर नंबर मिळतो, तो घे, पण तेवढ्यावर उठू नकोस. पैसे गेले म्हणून त्याच्या फोनवर काय दिसतं ते पाहायचंच नाही. असले स्क्रीनशॉट तयार करणारी नकली ॲप असतात, आणि बँकेच्या मेसेजसारखा मेसेज कोणीही स्वतःच्या नंबरावरून पाठवू शकतं. तुझ्या फोनवर, तुझ्या बँकेचं ॲप तू स्वतः उघडून शिल्लक पाहा. नोंद दिसली की काउंटरवर विचार, "हे पैसे मला आत्ता काढता येतील ना?" तिथून हो आलं की किल्ली.

पुन्हा तेच लिहिलं ना मी. लिहिणार नव्हते.

पूर्ण किंमत यूपीआयने देतो म्हणाला तर तिथे दिवसाला साधारण 1 लाखाची मर्यादा असते. टोकनपुरतं ठीक. आणि हे तुला ठाऊक आहे, तरी लिहिते: पैसे घ्यायला पिन लागत नाही. क्यूआर स्कॅन करावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. आधी एक रुपया पाठवून विश्वास बसवतात आणि मग "आता हे स्कॅन करा, बाकीचे येतील" म्हणतात. कधी फौजेत आहे, बदली झाली आहे, घाई आहे असं सांगतात. कधी चुकून जास्त रक्कम गेली म्हणून रडतात आणि वरचे परत मागतात, आणि मूळ रक्कम आलेलीच नसते. परत करायची वेळ आलीच तर बँकेत जाऊन, बँकेमार्फत. फोनवर कोणी कितीही कळवळला तरी.

रोख घेऊ नकोस. एका व्यवहारात 2 लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला 2017पासून आयकर कायद्याने बंदी आहे, आणि दंड देणाऱ्याला नाही, घेणाऱ्याला, जेवढी घेतली तेवढ्याच रकमेचा. आज अर्धे, उद्या अर्धे केले तरी व्यवहार एकच धरतात. थोडीफार रोख घ्यावी लागलीच तर बँकेतच घे, मशिनवर मोजून तिथल्या तिथे भर, आणि पावती हातात येईपर्यंत त्याला बसवून ठेव.

सगळ्यांत मोठी भीती अजून लिहायची राहिलीय. पैसे खरे आले, पण कोणाच्या खात्यातून? तू म्हणालीस, "तो मेव्हण्याच्या खात्यातून देणार आहे." नाही म्हणून सांग त्याला. कोणाला तरी गंडवून काढलेला पैसा असाच फिरवतात. त्या बिचाऱ्याने 1930 वर, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, तक्रार केली की पैसा जिथे जिथे गेला तिथे तिथे होल्ड लागतो. गाडी गेलेली, खातं गोठलेलं, आणि तू पोलिसांना पत्रं लिहीत बसलेली. त्याच खात्यातून तुझी फी जायची आहे ना? म्हणून ज्याच्या नावावर गाडी चढणार, त्याच्याच खात्यातून पैसे. पॅन, आधार आणि फॉर्म 30, म्हणजे गाडी नावावर करून घ्यायचा आरटीओचा अर्ज, यांवरचं नाव एकच हवं.

कागद पुरे केल्याशिवाय किल्लीच काय, गाडीची आरसी पुस्तिकाही देऊ नकोस. फॉर्म 29 (गाडी विकल्याची आरटीओला सूचना) आणि 30 कोरे सही करून देणं म्हणजे हात बांधून घेणं आहे. त्याचं नाव, तारीख, सगळं भरलेलं असू दे, आणि प्रत्येकाचा फोटो काढ. डिलिव्हरी नोटवर तारखेबरोबर वेळही लिही. गाडी दुसऱ्याच्या हाती असली तरी आरटीओत नाव बदलेपर्यंत अपघाताची जबाबदारी नोंदणीवर ज्याचं नाव आहे त्याच्यावर येते, सर्वोच्च न्यायालयाने 2018मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं. म्हणून विकल्याचं 14 दिवसांच्या आत आरटीओला कळव. आरसीवरचा कर्जाचा बोजा बाबांनी उतरवून घेतलाय, त्याची काळजी नको.

किती लांबलं हे. तुला शिकवायला बसले होते असं नाही गं. तू काय पोर आहेस का आता. त्या रात्री बाबांना घेऊन तूच चालवलीस ना गाडी? मी मागे त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते, तू आरशात एकदा पाहायचीस आणि पुन्हा रस्त्याकडे. एकदाही ब्रेक जोरात मारला नाहीस. दवाखान्याच्या दारात उतरल्यावर तुझे हात थरथरताना मी पाहिले, तोवर नाही. डॉक्टर म्हणाले वेळेवर आणलंत, आणि मी म्हटलं, मुलीने आणलं. दादाला ही गाडी चालवायला दिली की तो गिअर खरडवायचा आणि तू मागून ओरडायचीस. बाबा आता त्या गाडीबद्दल काही बोलत नाहीत, पण काल त्यांनी तिच्या विम्याची फाइल काढून पुसून ठेवली, तुझ्याकडे पाठवायला.

एवढी सगळी तू सांभाळलीस, तर हेही सांभाळशील, मला माहीत आहे. भीती तुझी नाही वाटत. तू निघायच्या घाईत आहेस हे त्या माणसाला कळलंय, त्याची वाटते. जाण्याची तारीख त्याला सांगायला नको होती. जाऊ दे, सांगितलीस. पण "विमान आहे, आजच आटपा" असं तो म्हणाला तर ऐकू नकोस. तसं वाटलं तर गाडी दादाकडे ठेव आणि त्याच्या नावे अधिकारपत्र कर, तो नंतर सावकाश विकेल. रक्कम थोडी कमी आली तरी चालेल.

आणि तरीही काही चुकलंच, पैसे गेले, तर लाजून बसू नकोस. आम्हाला नंतर सांग, आधी 1930 ला फोन कर आणि बँकेला कळव. जितकं लवकर, तितकी वाटेत अडवायची शक्यता.

बाबांचा तुला आशीर्वाद. रागावू नकोस.

तुझी,
आई

ता. क. गाडीची दुसरी किल्ली माझ्याकडे, देवघराच्या कपाटात आहे. तू विसरली असशील. तो दोन्ही मागेल आणि ते बरोबरच आहे. शाखेतून फोन कर, पैसे जमा झाले म्हण, मी त्याच दिवशी कुरिअर करते. फास्टॅगही त्याच दिवशी बंद कर, नाहीतर टोलचे पैसे तुझ्या खात्यातून जात राहतील.