मंत्रिमहोदय, आमचा आवाज पेनड्राइव्हमध्ये नव्हता

माननीय मंत्रिमहोदय,
सविनय नमस्कार.

गेल्या सोमवारी आपल्या हस्ते आमच्या तालुक्याच्या गावी एका इमारतीचे लोकार्पण झाले, तेव्हा व्यासपीठाच्या डाव्या कडेला पांढऱ्या सदऱ्यांतली 38 मुले उभी होती. त्या मुलांचे समूहगान मी बसवतो. आपण अकराऐवजी पावणेदोनला आलात, याबद्दल तक्रार नाही; वाट पाहणे आम्हा वैदर्भीयांना वेगळे शिकवावे लागत नाही. परंतु राज्यगीताची वेळ होताच आपल्यासोबतच्या एका गृहस्थांनी आमच्यापुढचा माईक उचलला आणि म्हणाले, "पेनड्राइव्ह लावतो, पोरांना नुसते ओठ हलवू द्या."

हे गीत आम्ही दोन महिने बसवत होतो. कापूस वेचणीच्या दिवसांत अर्धी मुले संध्याकाळी शेतातून थेट तालमीला येतात, बोटांना बोंडांचे ओरखडे असतात, वीज गेली की मोबाईलच्या उजेडात पेटी वाजवावी लागते. आठवीतल्या दोन मुलांचे आवाज नुकतेच फुटले होते. त्यांना गप्प न बसवता खालच्या सुरात कसे सामावून घ्यावे, यात माझे आठ दिवस गेले. समूहात गाणे म्हणजे मोठ्याने ओरडणे नव्हे, शेजारच्याचा आवाज ऐकून आपला आवाज त्यात मिसळणे होय, एवढे कळायलाच मुलांना महिना लागतो. (आपल्या सभागृहात किती लागतो, ठाऊक नाही.) आम्ही काळी पाचमध्ये, म्हणजे पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीपासूनच्या, मुलांच्या आवाजाला जुळणाऱ्या सुरात तयारी केली होती आणि ध्वनिफीत मोठ्या माणसांच्या पट्टीतली होती. सहावीतली एक मुलगी तरीही आपल्याच पट्टीत गात राहिली. परतताना गाडीत तिने मला विचारले, "सर, मी बेसूर झाले का?"

ज्या मातीत राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी खंजिरीच्या तालावर गावेच्या गावे गाती केली, मोझरीच्या गुरुकुंजातून सामुदायिक प्रार्थना घरोघरी नेली, तिथे मुलांना ओठ हलवायला सांगितले जाते. 2023 मध्ये आपल्या शासनाने राज्यगीत जाहीर केले, शाळेच्या परिपाठात ते म्हणावे असेही सांगितले. ते शिकवणार कोण, हे सांगायचे तेवढे राहिले. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार सहावी ते आठवीला कलाशिक्षणाचा अंशकालीन निदेशक मिळतो, पण पट शंभराच्या वर असला तरच. आमच्या शाळेचा पट 74. आमच्याकडच्या बहुतेक शाळा अशाच असाव्यात, म्हणजे खेड्यातल्या पोराने गाण्यासाठी आधी लोकसंख्या वाढवावी, असे धोरण दिसते. मंडपवाल्याच्या तोंडून ऐकले, त्या दिवसाच्या फुलांचाच खर्च चाळीस हजार. तेवढ्यात दोन पेट्या आल्या असत्या आणि सुकल्याही नसत्या.

मागच्या वर्षी आपणच भाषणात आम्हाला पेटी जाहीर केली होती. टाळ्या मिळाल्या, पेटी मिळाली नाही. जुन्या पेटीचा भाता मी सायकलच्या ट्यूबचे ठिगळ लावून चालवतो आणि तिचा मधला पंचम दाबला की वर येत नाही. चोवीस वर्षे हे काम करतो आहे, मानधन कधी मागितले नाही. त्या दिवशीच्या गाडीचे 2,600 रुपये मात्र द्यावेत, कारण ते मुलांच्या घरून गोळा केलेले आहेत.

पेटी राहू द्या. पुढच्या कार्यक्रमाला आम्हाला बोलावू नये, पेनड्राइव्हलाच निमंत्रण धाडावे. त्याला उन्हात तीन तास उभे राहावे लागत नाही.

आपला,
एक समूहगान शिक्षक