आपल्या शाळेच्या भिंतीबद्दल

प्रिय मित्रा,

काय रे भावा, बरा आहेस ना? आपल्या जुन्या शाळेचं काम काढलंय म्हणून फोनवर बोललो होतो बघ, काल जाऊन आलो आणि तेव्हापासून डोकं शांत नाही. मागच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा मारलाय. वरून एकदम गुळगुळीत, पण खाली वीतभर लोणा, म्हणजे ओलीचा पांढरा खार, फुटलाय, नखाने खरवडलं की पापुद्रा निघतो आणि आतला जांभा हाताला ओला लागतो. अरे ती भिंत चुन्यातली, पावसाळाभर पाणी पिते आणि ऊन पडलं की सोडून देते, चुना पाण्याला वाट देतो. सिमेंटने ती वाटच बुजवली, आता ओल आतल्या आत दगड खाणार.

वर्ग मात्र अजून तसेच आहेत. खिडक्या डाव्या हाताला, म्हणजे लिहिताना हाताची सावली वहीवर पडू नये, आपल्याला कधी कळलं होतं काय? वर झरोके, गरम हवा तिथून बाहेर, आणि पुढे तो रुंद व्हरांडा, म्हणून तर आपल्याकडच्या झोडपणाऱ्या पावसातपण खिडक्या उघड्या ठेवून वर्ग चालायचे.

बेळगाव-धारवाड इंग्रजांच्या काळात मुंबई इलाख्यातच की, त्यामुळे उजेड-वाऱ्याचा हा विचार सगळीकडे दिसतो. तुझ्या पुण्यातलं डेक्कन कॉलेज घे, पायाभरणी १८६४, तयार १८६८ ला, विल्किन्सचं डिझाईन, कमानी गॉथिक पण दगड आपला काळा. मुंबई विद्यापीठाच्या इमारतीचं डिझाईन करणारा स्कॉट तर भारतात कधी आलाच नाही, लंडनहून नकाशे दिले, तरी कमानींचे मोकळे सज्जे आणि उघडे गोल जिने आहेतच. आणि धारवाडचं कर्नाटक कॉलेज! ती बिल्डिंग मुळात रेल्वेचं ऑफिस, कॉलेज नंतर आलं, तरी वर्ग झकास बसले, कारण उजेड-वारा कारकुनालाही लागतो आणि पोरांनाही. मला तरी कमानी-बिमानीपेक्षा हेच मोठं वाटतं.

आता मंगळूरी कौलं काढून पत्रे घालायचं बोलालेत. पत्र्यावर पाऊस सुरू झाला की सरांचा आवाज तिसऱ्या बाकापर्यंत पोचायचा नाही. बासेल मिशन या मिशनरी संस्थेने १८६५ ला मंगळूरला ही कौलं बनवायला सुरुवात केली, एकात एक अडकतात, फुटलं तर तेवढंच बदलायचं, वासे चांगले असतील तर छपराला धोका काय?

पुढच्या आठवड्यात माजी विद्यार्थ्यांची मीटिंग आहे, मी बोलणार आहे. तू इंजिनिअर, तुझं ऐकतील, चुन्याच्या गिलाव्यावर दोन पानं लिहून पाठव. आणि तिकडे चुन्याचं काम येणारा एखादा गवंडी असेल तर नंबर दे, मृगाच्या आत ती भिंत मोकळी करायला पाहिजे.

तुझाच