एच-इंडेक्स कळला, सरांचं काम मात्र कळलं नाही

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या जिल्हा पानावर बातमी होती, आपल्याकडच्या एका ऑर्गनोमेटॅलिक केमिस्ट्रीच्या (धातू न् कार्बन जोडलेल्या संयुगांच्या) सरांचं नाव जगातल्या टॉप दोन टक्के शास्त्रज्ञांत आलं. सरांचं मनापासून अभिनंदन. मी इकडं दारव्हा तालुक्यात ज्युनिअर कॉलेजला केमिस्ट्री शिकवतो म्हणून बातमी दोनदा वाचली, पेपर किती, सायटेशन (दुसऱ्यांनी त्या पेपरांचा दिलेला संदर्भ) किती, एच-इंडेक्स किती, सत्कार कोणाच्या हस्ते, सगळं छापलं होतं, पण सरांनी केलं काय ते एका ओळीतही नाही. काहून बावा?

आधी एक दुरुस्ती. 'स्टॅनफोर्डने निवड केली' असं तुम्ही लिहिलं, तर निवडबिवड कोणी करत नाही. स्टॅनफोर्डचे प्रोफेसर जॉन आयोअॅनिडिस आणि त्यांची टीम जर्नलं छापणाऱ्या एल्सव्हिअर कंपनीच्या स्कोपस नावाच्या डेटाबेसवरून हिशोब लावते, तुमचा पेपर दुसऱ्यांनी किती वेळा संदर्भाला घेतला वगैरे, आणि त्यातून यादी निघते. पेपर कोणी उघडून वाचत नाही. यादीही दोन असतात, एक आख्ख्या करिअरची न् एक फक्त एका वर्षाची. सर कोणत्या यादीत आहेत तेही बातमीत नव्हतं.

एच-इंडेक्स 2005 साली हिर्श नावाच्या फिजिक्सवाल्यानं काढला. 30 असला म्हणजे 30 पेपर असे की प्रत्येकाला निदान 30 सायटेशन. आता गंमत पहा. अकिरा सुझुकी, जपानच्या होक्काइडो विद्यापीठातले, यांनी सहकारी मियाउरांसोबत 1995 मध्ये लिहिलेला रिव्ह्यू (त्या विषयावरच्या कामाचा आढावा घेणारा पेपर) दहा हजारांच्या वर वेळा साइट झाला, आणि एच-इंडेक्समध्ये तो मोजला जातो फक्त एक पेपर म्हणून, 31 सायटेशनवाल्या पेपरच्या बरोबरीनं! जिनिंगवरचा काटा वजन सांगते, रुई कोणत्या प्रतीची ते नाही सांगत.

सुझुकींचं कामच सांगायचं तर दोन कार्बन एकमेकांना जोडणं हे ऑर्गॅनिकवाल्यांचं जुनं दुखणं, ते त्यांनी पॅलेडियम आणि बोरॉन वापरून सोपं केलं. 1979 चे पेपर. बोरॉनची कंपाऊंडं पाण्याला, हवेला फारशी घाबरत नाहीत, म्हणून फॅक्टरीतही चालतात (कार्बन जोडायला वापरतात ते आपलं मॅग्नेशियमवालं ग्रिगनार्ड रिएजंट पहा, थोडा ओलावा लागला की खलास, प्रॅक्टिकलच्या सरांना विचारा). त्याचं पेटंट त्यांनी घेतलंच नाही, सरकारी पैशातून केलेलं काम म्हणून. आज बीपीची लोसार्टन गोळी बनवताना ही रिअॅक्शन वापरतात, द्राक्षावर मारायचं बॉस्कॅलिड बुरशीनाशकही त्यातूनच बनते. नोबेल मिळालं 2010 ला, वय 80. सोबत नेगिशी आणि रिचर्ड हेक. हेकची गोष्ट तर अजून वेगळी, 1968 मध्ये अमेरिकेतल्या हर्क्युलस या केमिकल कंपनीत असताना पॅलेडियमच्याच रिअॅक्शनवर एकट्याच्या नावानं सात पेपर एकापाठोपाठ छापले, पुढे डेलावेअर विद्यापीठात गेले, तिथं फंडिंग आटलं, 1989 ला रिटायरमेंट घेतली आणि शेवटी फिलिपाइन्समध्ये राहायला गेले. म्हणजे ज्याच्या नावाची रिअॅक्शन एमएस्सीची पोरं पाठ करतात त्यालाच संशोधनाला पैसे भेटले नाहीत.

अजून एक, काम लय मोठं झालं की लोक साइट करणंच सोडून देतात. ग्रिगनार्डचा मूळ पेपर 1900 चा, नोबेल 1912 चं, रिएजंट आमच्या बारावीच्या पुस्तकात आहे, पण आज लॅबमध्ये ते वापरणारा कोण त्या पेपरचा संदर्भ देत बसतो? तेवढी मोजणी कमीच भरते. आणि उलटं, मेडिकलच्या पेपरला सायटेशन धडाधड येतात न् गणितवाल्याला येत नाहीत, म्हणून तो काय कमी झाला का. आकडा अगदीच फालतू आहे असं माझं म्हणणं नाही, यादीत सेल्फ-सायटेशन (स्वतःच स्वतःच्या पेपरचा दिलेला संदर्भ) वजा करूनही रँक दिलेली असते ते चांगलंच आहे, पण प्रमोशनसाठी पैसे भरून कोणत्याही जर्नलमध्ये पेपर छापून आणणारे आम्ही डोळ्यांनी पाहतो, नाव घेत नाही.

तेव्हा साहेब विनंती एवढीच की त्या सरांची एक मुलाखत घ्या. कोणता धातू वापरता, त्यातून कोणती रिअॅक्शन सोपी झाली, पहिल्यांदा फसली तेव्हा काय केलं, ग्रँट कुठून आणली, सोबतची पीएचडीची पोरं आता कुठं आहेत, हे सगळं विचारा. रविवारच्या पुरवणीत अर्धं पान द्या, राशिभविष्य एखाद दिवस बारीक अक्षरात छापलं तरी चालते. आणि सर 28 फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, आमच्या कॉलेजात यायला तयार असतील तर तेही विचारून ठेवा, एसटी स्टँडवर घ्यायला मी स्वतः येतो.

आपला,
एक केमिस्ट्री शिक्षक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ