पाण्याखाली डोकावणारे ‘डॉक’

महोदय,

ऑलिंपिक आले की मार्क स्पिट्झच्या म्युनिकमधल्या 7 सुवर्णपदकांची उजळणी होते. पण महाविद्यालयीन वयात त्याला घडवणारे जेम्स ‘डॉक’ काउन्सिलमन कुणाच्या खिजगणतीतही नसतात. ते अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठाचे जलतरण प्रशिक्षक. 1968 ते 1973, सलग 6 वर्षे राष्ट्रीय आंतरविद्यापीठ विजेतेपद त्यांच्या संघाकडे होते. आकडा कदाचित वाढलाही असता, पण 1960 मध्ये फुटबॉलच्या खेळाडूभरतीतल्या गैरप्रकारांपायी विद्यापीठावर बंदी आली आणि पोहणारी मुलेही काही वर्षे राष्ट्रीय स्पर्धेला मुकली. करून गेले कोण, भोगले कोणी!

डॉकनी काय केले, तर पाण्याखाली कॅमेरा लावला. तेव्हा दिसले, की अव्वल जलतरणपटू हात सरळ मागे ओढतच नाहीत, वळणे घेत फिरवतात. शिवाय 1979 मध्ये, वयाच्या 58व्या वर्षी, गुरुजी स्वतः इंग्लिश खाडी पोहून गेले. तोवर इतक्या वयात ती कुणी पार केली नव्हती.

आमच्या तलावावरचे सर मात्र बारा महिने कोरडेच. गळ्यात शिट्टी, हातात चहा.

– एक जलतरणप्रेमी, पुणे